फादरांच्या उशाशी

पत्र

ताई,

मी जेलरोडला राहतो, प्रेसमध्ये नोकरीला आहे. आम्ही हिंदू, पण माझं लहानपण मिशनच्या बोर्डिंगमध्ये गेलं. वडील दारूपायी गेले, आई शेतमजुरीला जायची. पाचवीत असताना मामानं मला फादरांच्या पुढ्यात नेऊन उभं केलं. फादर म्हणाले, "राहू दे. भाकरी कितीशी खाणार आहे!" दहावीपर्यंत राहिलो. फी कोणी भरली ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. ते वसईकडचे, येशूसंघाचे, म्हणजे जेझुइट. रात्री लाइट गेली की कंदील घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायचे आणि आम्हाला पाढे म्हणायला लावायचे. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती, ते तोंडानंच "ट्रिंग ट्रिंग" करायचे. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो.

आता ते ब्याऐंशीचे आहेत. पोटाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय. ऑपरेशनचा विचार डॉक्टरांनी सोडलाय. संघाच्या घरी त्यांना ठेवलंय, एक सिस्टर बघतात. मी एकदा जाऊन आलो. ते झोपेत काहीतरी बोलत होते, मला एक शब्द कळला नाही. जागे झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "कोण?" मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ओळखलं नाही हे मला समजलं. बाहेर येऊन पार्किंगमध्ये रडलो. दोन महिने झाले, परत जायचं धाडस होत नाही.

नाशिकरोडच्या बाळ येशूला नवस बोललोय. फादर उठून बसले तर घरापासून अनवाणी येईन, तोवर मटण-मच्छी बंद. चार महिने झाले, तब्येत उतरतच चाललीय. माझी श्रद्धा कमी पडली का? की मी त्यांच्या धर्माचा नाही म्हणून माझं ऐकलं जात नाही? बायको म्हणते महामृत्युंजयाचा जप करू. ते फादरांना चालेल का?

आमचा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे. परवा कोणीतरी टाकलं, "फादरांना शेवटचं तेल लावलं." तासाभरात चाळीस जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. मग कळलं, फादर आहेत. आता काही जण म्हणतात, त्यांच्या खोलीतच सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, व्हिडिओ काढू. मला ते पटत नाही. पण मग करावं काय, तेही कळत नाही.

— बोर्डिंगचा एक पोरगा, जेलरोड

उत्तर

भाऊ,

आधी तेलाचं बोलू, कारण चाळीस माणसांनी जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली ती त्या एका शब्दापायी.

"शेवटचं तेल" हा आमच्या आजीच्या पिढीचा शब्द, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायच्या संस्कारासाठी. तेव्हा फादर तेलाची डबी घेऊन गल्लीत शिरले की शेजारणी पदर डोळ्याला लावायच्या. आजाऱ्याला धडकी भरेल म्हणून घरचे लोक फादरांना बोलवायलाच उशीर करायचे, आणि मग ते पोचेपर्यंत माणूस शुद्धीत नसायचा. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनं, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेनं, १९६३ मध्ये स्पष्ट म्हटलं, की हा संस्कार नुसता मरणाच्या दारात टेकलेल्यांचा नाही. १९७२ मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचा विधीही नव्यानं लावून दिला. आता गंभीर दुखणं, मोठं ऑपरेशन, थकलेलं म्हातारपण यांतल्या कशासाठीही तो घेता येतो आणि दुखणं वाढलं की पुन्हा घेता येतो. माझ्या आईला तो तीनदा मिळाला. तिसऱ्या खेपेनंतर ती सहा वर्षं जगली आणि सहाही वर्षं माझ्या वहिनीशी भांडली.

हे तेल ऑलिव्हचं असतं. ईस्टरच्या आधी बिशप त्याला आशीर्वाद देतात आणि मग ते गावोगावच्या चर्चमध्ये जातं. आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना ते लावतात. फादर लोकांच्या बाबतीत एक जुनी रीत आहे, ती तुम्हाला सांगावीशी वाटते. त्यांना तेल तळहाताला लावत नसत, हाताच्या मागच्या बाजूला लावत. का, तर तळहातांना गुरुदीक्षेच्या, म्हणजे फादर होण्याच्या, दिवशीच तेल लागलेलं असतं. तुमचा कंदील धरला ते हेच तळहात.

खरोखर शेवटचा म्हणावा असा संस्कार वेगळाच आहे. मरण जवळ आलं की देतात ते कम्युनियन, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर म्हणून घ्यायची पवित्र भाकर. लॅटिनमध्ये त्याला व्हिआटिकम म्हणतात, म्हणजे वाटेची शिदोरी. लांबच्या गावाला निघालेल्या माणसाला आपण फडक्यात भाकरी बांधून देतो, तशी. ग्रुपवर एवढंच टाका, की तेल लावलं याचा अर्थ माणूस आजारी आहे. त्यापुढचं काही कळायचं असेल तर ते संघाच्या घरून कळेल.

आता तुमचा खरा प्रश्न. मी त्यांच्या धर्माचा नाही, माझं ऐकलं जाईल का?

तुम्ही बोर्डिंगमध्ये होतात म्हणजे रविवारी मागच्या बाकावर बसून मिस्सा, चर्चमधली ती मुख्य उपासना, ऐकलेली असणार. कम्युनियनच्या आधी सगळे एक वाक्य म्हणतात, ते आठवतंय? प्रभो, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही, तू नुसता शब्द बोल. हे वाक्य मूळ कोणाचं, ठाऊक आहे? ते ना कोणा शिष्याचं, ना कोणा संताचं. ते शंभर शिपायांवरच्या एका रोमन अधिकाऱ्याचं आहे. परक्या धर्माचा, परक्या सैन्याचा माणूस. त्याचा चाकर घरी आजारी पडला होता, त्याच्यासाठी तो येशूकडे आला आणि म्हणाला, माझ्या घरी यायचीही गरज नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात ही गोष्ट आहे. येशूनं त्याला "आधी आमच्यात ये" असं म्हटलं नाही. उलट, एवढा विश्वास मला इस्राएलात कोणाकडेही दिसला नाही, असं म्हणाला. मिस्सेत त्या वाक्यात "चाकर" जाऊन "आत्मा" आला, एवढाच फरक. बाकी आजही प्रत्येक कॅथलिक माणूस, पोपसुद्धा, मिस्सेत एका परधर्मीयाचे शब्द म्हणतो, आणि ते शब्द दुसऱ्याच्या आजारपणासाठी काढलेले होते.

तेव्हा हक्काचा प्रश्न निकालात निघाला असं समजा.

कृती काय करायची? चर्चच्या ऑफिसात जा आणि फादरांच्या नावानं मिस्सा ठेवा. लोकांचा समज असतो की मिस्सा फक्त मेलेल्यांसाठी ठेवतात. तसं नाही. जिवंत असो वा मेलेला, कोणासाठीही ठेवता येते आणि ठेवणारा कॅथलिक असलाच पाहिजे असंही नाही. नाव सांगा, "प्रकृतीसाठी" असं लिहून द्या, ऐपतीप्रमाणे काय ते द्या. पैसे नसलेल्याचीही मिस्सा म्हणावी असं चर्चच्या कायद्यातच आहे, त्यामुळे आकड्याची लाज बाळगू नका. वार विचारून घ्या आणि त्या दिवशी स्वतः जाऊन बसा. नाव पुकारलं की ऐका. नुसतं ते नाव भरल्या चर्चमध्ये ऐकणं हीसुद्धा एक गोष्ट असते.

एक बारीक सूचना. कम्युनियनच्या रांगेत जाऊ नका. फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला बरीच गर्दी आपल्या हिंदू मंडळींची असते आणि त्यातले कितीतरी जण प्रसाद समजून हात पुढे करतात. रागावण्यासारखं त्यात काही नाही, आपल्याकडे कोणी काही वाटत असलं की हात पुढे होतोच. पण कॅथलिक माणसासाठी तो प्रसाद नसतो. तुम्ही बाकावरच बसून राहा, तेवढा वेळ फादरांचा चेहरा डोळ्यांपुढे आणा.

बायकोला जप करू द्या. घरी, तिच्या देवापुढे, तिच्या पद्धतीनं. चाळीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या माणसाला एखाद्या बाईनं त्याच्यासाठी जप केल्याचं वाईट वाटेल, हे मला काही पटत नाही. मात्र जपाची टेप किंवा अंगारा त्यांच्या उशाशी नेऊ नका. ती खोली त्यांची आहे. तिथं त्यांचा क्रूस, त्यांची जपमाळ, त्यांची प्रार्थना. आपण पाहुणे.

नवसाचं काय करायचं, यावर मी दोन दिवस विचार केला.

माझं माहेर श्रीरामपूरकडचं. हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेला मी लहानपणी बैलगाडीतून गेले आहे, त्यामुळे नवसाला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. मेणबत्त्या, अनवाणी चालणं, उपास, सगळं पाहिलंय, केलंय. पण तुमच्या पत्रात एक गोष्ट खटकली. "माझी श्रद्धा कमी पडली का?" म्हणजे फादरांचा कॅन्सर तुम्ही स्वतःच्या खात्यावर मांडलाय. त्यांचं लिव्हर बिघडलं याचा हिशेब तुमच्या मटणाच्या ताटाशी जुळवताय. असं करू नका.

संत पौलाचं बघा. त्यानं इतरांना बरं केल्याच्या गोष्टी बायबलात आहेत. पण त्याच्या स्वतःच्या शरीरात काहीतरी काट्यासारखं सलत होतं. ते जावं म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली आणि ते गेलं नाही. आता काय, पौलाची श्रद्धा कमी पडली? याच पौलाचा लाडका शिष्य तिमथी. त्याचं पोट वरचेवर बिघडायचं. पौल त्याला काय लिहितो? नुसतं पाणी पिऊ नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. द्राक्षांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांनी याचा भलता अर्थ काढू नये. मुद्दा एवढाच, की त्यानं "तुझी प्रार्थना कमी पडतेय" असं सुनावलं नाही, त्या काळातलं औषध सांगितलं.

प्रार्थनेनं आजार बरा होतो का, हे मोजायचाही प्रयत्न झालाय. २००६ मध्ये अमेरिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा हॉस्पिटलं आणि बायपास झालेले १८०२ रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांकडून प्रार्थना करवली, काहींसाठी नाही. ऑपरेशननंतरच्या तक्रारी दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या, ५२ टक्के आणि ५१ टक्के. तिसऱ्या गटाला मात्र "तुमच्यासाठी प्रार्थना नक्की चालू आहे" असं सांगून ठेवलं होतं. त्या गटात तक्रारी ५९ टक्क्यांवर गेल्या. देवाला तराजूत बसवायचा हा उद्योग मला मनापासून आवडत नाही. पण तो तिसरा आकडा डोक्यातून जात नाही. काहींनी अंदाज बांधला, की एवढी माणसं प्रार्थनेला बसवावी लागली म्हणजे आपलं काही खरं नाही, असं त्या रुग्णांना वाटलं असावं. खरं खोटं देव जाणे. मी मात्र त्या दिवसापासून कोणा आजाऱ्याला "तुम्ही बरे व्हायलाच हवं, आम्ही नवस बोललोय" असं म्हटलेलं नाही. अंथरुणातल्या माणसावर आपल्या नवसाचं कर्ज कशाला?

मग मागायचं काय? गेथशेमनेच्या बागेतली रात्र आठवा, पकडून नेण्याच्या आधीची. येशू स्वतः घाबरलेला आहे. हा प्याला माझ्यापुढून दूर कर, असं तो देवाला म्हणतो, आणि मग म्हणतो, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. तो प्याला दूर झाला नाही. त्याच रात्री त्यानं तिघा मित्रांकडे काय मागितलं? मला वाचवा असं नाही. इथंच थांबा आणि माझ्याबरोबर जागे राहा, एवढंच. आणि ते तिघं झोपले! ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री चर्चमध्ये लोक जागरणाला बसतात, ते यासाठीच.

भाऊ, फादरांसाठी प्रार्थना म्हणजे माझ्या मते हे जागणं आहे. त्यांना दुखू नये, रात्री भीती वाटू नये, सिस्टरांच्या हाताला सौम्यपणा राहावा, औषध वेळेवर मिळावं, एवढं मागा. शब्द सुचले नाहीत तर पाढे म्हणा. मी थट्टा करत नाही. व्हरांड्यात कंदील घेऊन फेऱ्या मारणाऱ्या माणसासाठी रात्री साडेदहाला जेलरोडच्या फ्लॅटमध्ये कोणी एकोणतीसचा पाढा हळू आवाजात म्हटला, तर ती प्रार्थना नाही असं मला कोणता पंडित सांगणार आहे?

अनवाणी चालायचं असेल तर चालून टाका. ते बरे होण्याची वाट कशाला बघता? आणि मटणाचं म्हणाल तर बोर्डिंगमध्ये नाताळाला काय शिजायचं ते आठवा आणि फादर पंगतीत वाढताना कोणाला "पुरे" म्हणू द्यायचे का, तेही आठवा. मग ठरवा.

आता तुम्ही ज्याला घाबरताय त्याबद्दल. परत जाण्याबद्दल.

त्यांनी ओळखलं नाही म्हणून तुम्ही पार्किंगमध्ये रडलात. मी तुमच्या जागी असते तर मीही रडले असते. पण त्या खोलीत काय चाललं होतं ते जरा त्यांच्या बाजूनं बघा. कॅन्सर लिव्हरपर्यंत गेला की गुंगी येऊ शकते, बोलण्यात गोंधळ होऊ शकतो, दिवसरात्रीचा मेळ सुटू शकतो. दुखणं थांबवायची औषधं त्यात भर घालतात. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोर पन्नाशीचा, मिशीवाला, पोट सुटलेला माणूस. (मिशी आणि पोट माझ्या पदरचं, चूक असेल तर माफ करा.) त्यांच्या डोक्यात तुम्ही पाचवीतले आहात. तो हाफपँटमधला पोरगा दारातून आला असता तर कदाचित त्यांनी ओळखलं असतं.

आणि ते झोपेत बोलत होते ते तुम्हाला का कळलं नाही, हे मी सांगू शकते. वसईचे फादर इतकं स्वच्छ मराठी बोलतात की तीच त्यांची घरची भाषा आहे असं आपण धरून चालतो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर २०२० मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पण वसईतल्या कॅथलिक घरांमध्ये आईशी बोलायची भाषा सामवेदी असते, वाडवळी असते. आयुष्यभर मागे पडलेली ही बोली आजारपणात वर येऊ शकते. तुमचे फादर तेव्हा बोर्डिंगमध्ये नव्हते, आईच्या अंगणात होते. त्यांनी तुम्हाला टाकलं असं नाही. तुमच्या आधीही त्यांचं एक घर होतं, तिथं ते जाऊन येतायत.

तेव्हा जा. कसं जायचं ते सांगते, कारण मी एकदा ते फार वाईट रीतीनं केलेलं आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमचे एक म्हातारे फादर असेच अंथरुणाला खिळले होते. मी पुढाकार घेऊन अकरा जणांना घेऊन गेले. खोलीत मावत नव्हतो. दोन भजनं म्हटली, हार घातला, फोटो काढले. फादर पूर्ण वेळ हसत होते. मी खुशीत खाली उतरले. जिन्यात नर्स म्हणाली, त्यांची दुखण्याची गोळी घ्यायची वेळ तासाभरापूर्वीच झाली होती, पण पाहुण्यांसमोर नको म्हणून ते थांबले. त्या फादरांचं ते हसू अजून माझ्या डोळ्यांपुढे येतं. म्हणून तुमच्या मित्रांचा खोलीतला सत्कार ऐकला आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

एकटे जा. आधी सिस्टरांना फोन करून विचारा, दिवसातली बरी वेळ कोणती. अत्तर, सेंट नको, मळमळतं. मोबाइल बंद करून खिशात ठेवा. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, उभ्यानं वाकून बोलू नका. "ओळखलंत का?" हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. ती परीक्षा असते आणि आजारी माणूस नापास झाला की त्याला लाज वाटते. आपणच सांगायचं, फादर, मी अमका, अमक्या सालचा, पाचवीत आलो होतो, तुम्ही म्हणाला होतात भाकरी कितीशी खाणार आहे. एवढं बोलून गप्प बसा. उत्तर आलं तर आलं.

ते झोपेतच असले तरी बोला. २०२० मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात अगदी शेवटच्या तासांतल्या, प्रतिसाद न देणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची नोंद घेतली होती. त्यांतल्या काहींचा मेंदू आवाजाला तरण्या माणसासारखाच प्रतिसाद देत होता. त्यांना अर्थ कळतो की नाही हे त्यावरून ठरत नाही. पण खोलीत त्यांच्याच अंगावरून "आता किती दिवस?" असं कुजबुजू नये, एवढं तरी त्यावरून कळतं.

घंटी वाजवायची असेल तर वाजवा. तोंडानं. हळू.

दहा मिनिटं पुष्कळ झाली. आणि उठायच्या आधी त्यांच्याकडे काहीतरी मागा. हे फार महत्त्वाचं आहे. आजारी फादरांना सगळे येऊन सांगतात, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतो. ज्यानं पन्नास वर्षं दुसऱ्यांसाठी प्रार्थना केली त्याला एकदम नुसतं घेणारा होऊन बसायचं. येशूसंघात दरवर्षी कोणाकडे कोणतं काम आहे याची यादी निघते. म्हाताऱ्या, आजारी फादरांच्या नावापुढे रिकामी जागा नसते. तिथं लिहिलेलं असतं, ख्रिस्तसभेसाठी आणि संघासाठी प्रार्थना करतात. म्हणजे ते रिटायर नाहीत, कामावर आहेत. तेव्हा त्यांना काम द्या. पोराची बारावी असेल, आईचे गुडघे असतील, जे असेल ते सांगा आणि म्हणा, फादर, एवढं तुमच्याकडे सोपवतो. हात उचलता येत असेल तर ते तुमच्या डोक्यावर ठेवतील. येत नसेल तर तुम्हीच डोकं खाली न्या.

ग्रुपबद्दल फार बोलत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस न्यूमोनियानं हॉस्पिटलात होते. रोज रात्री व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकात माणसं जपमाळ म्हणायला जमायची. ६ मार्चला त्यांनी रेकॉर्ड केलेला आवाज तिथं ऐकवला. धाप लागलेली, शब्द धड कळत नव्हते, आभार तेवढे कळले. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध पेशंटांपैकी एक, पण भरती झाल्यापासून महिनाभरानं त्यांचा पहिला फोटो बाहेर आला, १६ मार्चला, तोही मागच्या बाजूनं घेतलेला. तुमच्या ग्रुपवर नळ्या लावलेल्या फादरांचा फोटो पडला असेल तर तो काढायला लावा. शाल-श्रीफळाचे पैसे गोळा झाले असतील तर सिस्टरांना विचारा काय लागतंय. बहुतेक वेळा उत्तर डायपर, अंगाखालची रबरी चादर, रात्रीचा माणूस असं काहीतरी असतं. सत्कारासारखं ते फोटोत दिसत नाही, हे खरं.

आणि श्रद्धांजली लिहायला बसलेल्या त्या चाळीस जणांना म्हणावं, लिहिलंय ते वाया घालवू नका. "भावपूर्ण" खोडा आणि त्या जागी एक घडलेली गोष्ट लिहा. कोणाची फी, कोणाचा मार, कोणाला तापात कपाळावर ठेवलेली ओली पट्टी. एका माणसानं एकच गोष्ट, आठ-दहा ओळी. माणूस गेल्यावर या गोष्टी त्याच्याशिवाय सगळ्यांना ऐकायला मिळतात. तुमचे फादर अजून आहेत. दिवसातून एखादा तास जागेही असतात.

पहिलं पत्र तुमचं असू द्या. मला लिहिलंय त्यातला कंदिलाचा आणि सायकलचा भाग तसाच उतरवून काढा, काही सजवू नका. फी कोणी भरली हे आता विचारावंसं वाटत असेल तर विचारा, नाहीतर राहू द्या. टपालानं पाठवू नका, स्वतः नेऊन द्या. ते स्वतः वाचू शकणार नाहीत, सिस्टर वाचून दाखवतील. म्हणून अक्षर मोठं काढा. अशा घरांतल्या सिस्टरांचीही वयं झालेली असतात.

— तुमची ताई